भिंतीला न मारलेलं पाणी

गिलावा झाला की गवंडी हातपाय धुऊन आपल्या घरी जातो. गिलावा पक्का व्हावा म्हणून पुढचे सात-आठ दिवस भिंतीला पाणी मारायचं काम घरच्या माणसाचं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि वैशाख असेल तर दुपारीही. आमच्याकडे हे इतकं ठरलेलं आहे की कुणी ते वेगळं सांगत नाही. मला सांगितलं होतं. तरी मी ते केलं नाही.

हे लिहायला घेऊन बरेच दिवस झाले. दोन ओळी लिहितो, उठतो, दार उघडं आहे का ते पाहून येतो. दार उघडंच असतं.

परतूरचं हे घर मी शाळेत नोकरीला असताना हळूहळू बांधलं. तीन बाजूंना गिलावा झाला. पश्चिमेची भिंत बाहेरून उघड्या विटांची राहिली आणि पुढच्या वर्षी करू म्हणता म्हणता मी निवृत्त झालो. त्या भिंतीच्या आतल्या अंगाला माझी पुस्तकं आहेत. पावसाळ्यात विटा पाणी प्यायच्या, मांडणीच्या मागून ओल चढायची, पुस्तकं फुगायची आणि पानं एकमेकांना चिकटायची. दरवर्षी पाऊस सरला की मी ती अंगणात बाजेवर पसरून वाळवत बसायचो.

"कावळ्यांवर लक्ष ठेवा," माझी पत्नी म्हणायची. "एखादं उचलून नेतील. त्यांच्यात बी असतील कुणी वाचणारे."

ती वाटूरच्या गवंड्याची मुलगी. लहानपणी वडिलांच्या कामावर वाळू चाळून, घमेली वाहून तिनं सगळं काम नजरेनं शिकून घेतलं होतं. थापी मात्र तिच्या हातात त्यांनी कधी दिली नाही. मुलींनी माल वाहायचा, भिंतीला हात लावायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. थापी तिनं धरली ती लग्नानंतर, या घरात. ओट्याची निघालेली फरशी, गच्चीवरच्या भेगा, हौदाची गळती, सगळं तिनंच बुजवलं. मी शिडी धरायचो. एका हातानं शिडी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र.

"सर, शिडी धरून राह्यले का पेपर वाचून राह्यले?" वरून आवाज यायचा. सगळं गाव मला सर म्हणतं. ती टोमणा मारायचा असला की म्हणायची.

गेल्या वर्षी होळी झाल्यावर तिनं जाहीर केलं की यंदा पश्चिमेची भिंत ती करणार. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, माणूस लावा ना." तिनं हो हो म्हटलं आणि वाळू मागवली.

वैशाखात चार दिवस काम चाललं. उन्हाच्या आत आटपावं म्हणून आम्ही उजाडताच सुरू करायचो. मी वाळू चाळायची आणि माल कालवायचा. ती दोन ड्रमांवर टाकलेल्या फळीवर उभी राहून थापीनं माल भिंतीवर मारायची, पट्टी ओढायची, ओळंबा सोडून डोळा बारीक करून पाहायची. मी कालवलेला माल ती आधी बोटांत चोळायची. मनाला आला नाही तर घमेलं तसंच खाली द्यायची. "ह्याच्यात सिमेंट हाय का नुसता आशीर्वाद?" मी परत कालवायचो.

चौथ्या दिवशी सकाळी भिंत पुरी झाली. नळाजवळच्या खालच्या कोपऱ्यापासून वर गच्चीच्या कडेपर्यंत एकसारखी, राखाडी, ओली. मी म्हटलं, दादांना आजच फोन करू. वडिलांना ती दादा म्हणायची.

"आज न्हाई," ती म्हणाली. "सात दिवस पाणी मारून होऊ द्या. मंग बोलवू. दादा आले की आधी नखानं उकरून बघतील. तवा त्यांचं नख मोडलं पाहिजे."

इतकी वर्षं ओटे नि हौद दुरुस्त केले, पण वडिलांना दाखवावं असं तिनं कधी काही केलं नव्हतं. ही भिंत दाखवायची होती. नळाला आठ-दहा दिवसांआड पाणी येतं, म्हणून तिनं दोन्ही ड्रम धुऊन भरून ठेवले, फक्त भिंतीसाठी. त्यावर झाकण आणि झाकणावर वीट.

त्याच दुपारी तिच्या छातीत दुखू लागलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून जालन्याला निघालो. गाडीत बसताना ती म्हणाली, "संध्याकाळचं पाणी तेवढं मारा." मी म्हटलं, मारतो. गाडीत मीही बसलो होतो, मी कसं मारणार होतो, हे तिच्याही लक्षात आलं नसावं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

पुढच्या दिवसांबद्दल फारसं आठवत नाही. माणसं येत होती. स्मशानातून परतलेल्यांना हातपाय धुवायला पाणी लागलं तेव्हा कुणीतरी ड्रमावरची वीट काढून बाजूला ठेवली. मी ते पाहिलं. तेराव्यापर्यंत माणसांचा राबता होता, दोन्ही ड्रम टँकरनं कितीदा भरले नि रिकामे झाले कोण जाणे. भिंत तशीच उन्हात उभी होती. एकदा मी तिच्या बाजूनं गेलो तेव्हा ती पांढुरकी पडलेली दिसली. बादली हातात घ्यावी असं मनात आलं आणि मी पायरीवर बसून राहिलो. मी थकलो होतो, हेच कारण. याहून चांगलं कारण मी वर्षभर शोधतो आहे.

पावसाळ्यात भिंतीला तडे गेले. श्रावणात एक मोठा पोपडा सुटून पडला. आत पुस्तकं पुन्हा फुगली.

कापसाच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या तेव्हा मामा आले. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, हात कापतात म्हणून थापी सुटली आहे, नजर मात्र तीच. मुलगी गेली तेव्हा त्यांनी भिंतीकडे पाहिलं नव्हतं. आता ते भिंतीसमोर उभे राहिले, बोटाच्या पेरानं इथं तिथं वाजवून पाहिलं. भिंत पोकळ वाजली. त्यांनी नखानं उकरलं. राखेसारखी भुकटी खाली पडली.

"माल हलका पडला, सर," ते म्हणाले. "सिमेंट कमी घातलं तिनं. वाचवायला गेली असंल. अंदाज न्हाई आला पोरीला."

मी चहा ठेवायला आत गेलो.

चहा झाला, ते वाटूरला परत गेले. मी अडवून सांगायला हवं होतं. ज्या एका कामावर तिला वडिलांचा शेरा हवा होता, तो त्यांनी दिला होता आणि तो चुकीचा होता, हे फक्त मला ठाऊक होतं. पण तिला जाताना दिलेला शब्द मोडला, हे म्हाताऱ्याला कसं सांगायचं. आज सांगू, पुढच्या वेळी सांगू, असं करत दिवाळी गेली.

दिवाळीनंतर ते पुन्हा आले ते पिशवी घेऊन. पिशवीत थापी, छिन्नी, हातोडी, ओळंबा. लाकडी मुठी हाताच्या घामानं काळ्या झालेल्या.

"पाडून नवा करू," ते म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही करा. असा डाग ठेवू न्हाई लेकीच्या नावावर."

मी शिडी आणायला वळलो. मागून ते बोलतच होते, माझ्याशी की स्वतःशी, कळत नव्हतं. "चूक तिची न्हाई. माझी हाय. माल वाहायला लावला, थापी दिली न्हाई. दिली असती, जवळ बसवून शिकवलं असतं, तर भिंत ऱ्हायली असती. लोक काय म्हणतील म्हणून न्हाई दिली. आता लोक बी न्हाई ऱ्हायले, पोर बी न्हाई."

शिडी तिथंच टेकवून मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मामा, माल बरोबर होता. मीच कालवला होता, ती तपासून घ्यायची. भिंतीला पाणी मारलं गेलं नाही. तिनं जाताना मला सांगितलं होतं. मी मारलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किती दिवस न्हाई मारलं?"

"एकदाही नाही."

"वैशाखात?"

"हो."

ते अंगणातल्या खुर्चीत बसले. शेजारच्या अंगणात कोंबड्या उकरत होत्या. ते म्हणाले, "मंग कशी ऱ्हाईल ती," आणि पिशवीतून छिन्नी काढून माझ्या हातात दिली. रागावले का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या वेळी त्यांनी माझं म्हणणं खरं मानलं की जावई मेलेल्या बायकोची बाजू घेतोय असं त्यांना वाटलं, तेही कळलं नाही.

मी वरून सुरुवात केली. छिन्नीची गरजच नव्हती. हातोडीचा दांडा टेकवला तरी गिलावा सुटत होता. चार दिवस लागलेली भिंत दोन तासांत खाली आली. प्रत्येक पोपडा पडताना तिच्या हातचं काहीतरी पडतंय असं वाटत होतं. नंतर हात इतके भरून आले की तेही वाटेनासं झालं. तोंडात, डोळ्यांत धूळ. मामा खुर्चीवरून बघत होते.

शेवटी नळाजवळचा खालचा कोपरा राहिला. परातीएवढा तुकडा असेल, थोडा मोठाच. मी छिन्नी लावून हातोडी मारली. छिन्नी उडाली. पुन्हा मारली. नुसता पांढरा चरा उमटला.

"मामा, इथं छिन्नी चालत नाही."

ते उठून आले, भिंतीला हात टेकत खाली बसले. पेरानं वाजवलं. आवाज भरीव आला. अंगठ्याचं नख लावून दोनदा जोरानं ओढलं आणि नख उन्हात धरून पाहिलं.

"ह्येला पाणी कुणी मारलं?"

छिन्नीच्या आवाजानं शेजारच्या खाला कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. घरात चूल बंद होती त्या दिवसांत जेवण त्यांच्याकडून यायचं आणि आल्यागेल्यांची भांडी धुवायला त्याच बसायच्या.

"पानी किसने मारना, दादा?" त्या म्हणाल्या. "नल वहींच है ना. मैंच ड्रम के पानी से बर्तन धोती थी वहाँ, तेरा दिन. सुबह-शाम इत्ते बर्तन! सारे छींटे इसी कोने पे उडते थे. सर तो पायरी पे बैठे रहते थे, एक बार बोले भी नहीं की खाला, दीवार भिगा रही हो."

मामा आणखी पुढे सरकले. त्यांनी तळहात त्या कोपऱ्यावर ठेवला.

"माल बराबर होता तिचा," ते म्हणाले. कडेवरून बोट फिरवत पुन्हा म्हणाले, "बिलकुल बराबर होता. पट्टी बी सरळ ओढली. बघा ही कड." मी पाहिलं. मला कडेतलं काही कळत नाही, पण पाहिलं.

त्यांनी तो तुकडा पाडू दिला नाही. पुढचे तीन दिवस ते आमच्याकडेच राहिले. विटांवर छिन्नीनं टाचे, म्हणजे बारीक खाचा, मारायला त्यांनी शिकवलं, म्हणजे नवा माल धरून राहतो. थापी मी धरली. निम्मा माल भिंतीवर, निम्मा माझ्या पायांवर.

"सर, माल फेकून राह्यले का देवाला फुलं वाहून राह्यले? मनगट मारा, मनगट!" खाला कुंपणापलीकडून हसायच्या. सहा महिन्यांनी त्या अंगणात कुणीतरी हसत होतं. मलाही हसू आलं असावं. दमलो इतका होतो की नीट आठवत नाही.

भिंत झाली. सरळ नाही. मधे पोट सुटलंय आणि जुन्या कोपऱ्याशी नवा गिलावा जिथं मिळतो तिथं सांधा उघड दिसतो. मी तो घासून सारखा करायला गेलो तर मामा म्हणाले, राहू द्या, दोन हातांचं काम हाय, दिसणारच. मग त्यांनी नळावर हात धुतले, हत्यारं पुसून पिशवीत घातली. थापी तेवढी बाहेर ठेवली. "ही तिची," म्हणाले आणि एसटी गाठायला निघाले.

त्या दिवसापासून वाटूरहून दोन वेळा फोन यायचा. सकाळी चहाच्या वेळी आणि दिवस कलता.

"मारलं का?"

"मारलं, मामा."

"वरपासून?"

"शिडी लावून, वरपासून."

आठव्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, आज शेवटचं, उद्यापासून नका मारू. मी बरं म्हटलं. फोन ठेवतील असं वाटलं, पण त्यांनी ठेवला नाही.

"कोपऱ्याला बी मारता का?"

"त्याला काय गरज, मामा? तो तर पक्का झालाय."

"गरज न्हाई," ते म्हणाले. "पण मारा."

मी फोन खिशात घातला, बादलीत तळाशी पाणी उरलं होतं ते मगात घेतलं आणि खाली बसून कोपऱ्यावर सोडलं. ते आत मुरलं नाही. वरून ओघळून नळाखाली गेलं.