चिंगूस मावशी कायम होतात

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मावशी अकरा वर्षं हंगामी मदतनीस म्हणून राबत होत्या. बाई कामाला वाघ, पण नळ वाहताना दिसला की त्यांना राहवायचं नाही. उपकरणं गार ठेवायला नळीतून तासन्‌तास वाहणारं पाणी त्या पिंपात धरत आणि त्यातच काचेची भांडी विसळत. मुलांना आम्ल मोजपात्र भरून न देता ड्रॉपरने थेंब थेंब देत. उरलेलं आम्ल मोरीत ओतण्याआधी चुना घालून त्याचा जोर मारत. मुलं त्यांना 'चिंगूस मावशी' म्हणत. विभागप्रमुख मॅडम तर तोंडावरच म्हणायच्या, "अहो, कॉलेज काय तुमच्या घरचं आहे? सोडा की जरा हात सैल!" दरवर्षी कामाच्या अहवालात त्या शेरा मारत, 'काम चोख, पण हात आखडता.' मावशींना हे फार लागे. आपल्यात ही एक वाईट खोड आहे, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं.

यंदा कायमची जागा निघाली. वयाच्या अटीत बसायचं हे त्यांचं शेवटचं वर्ष. आता नाही तर कधीच नाही. जाहिरातीत एक नवीच ओळ होती, 'पर्यावरणाची जाण असणाऱ्यास प्राधान्य.'

"आई, तू कधी झाड लावलंस?" लेकीने विचारलं.

"कुंडीत कोरफड आहे की."

लेकीने कपाळावर हात मारला. "मग असं कर. पर्यावरणाचं विचारलं तर खरं ते सांग. आणि स्वतःतला दोष विचारला तर लपवू नकोस, सुधारीन म्हण."

मुलाखतीला सात जण होते. आधीच्या उमेदवाराने पाचशे झाडं लावल्याचे फोटो आणले होते. मावशींच्या हातात नुसती पिशवी. आत प्राचार्य, मॅडम आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ बसले होते.

"पर्यावरणासाठी तुम्ही काय करता?" तज्ज्ञांनी विचारलं.

"काही नाही, साहेब."

"बरं, तुमच्यात काही दोष?"

 मॅडम समोरच बसलेल्या, लपवणार तरी काय? मावशींनी एका दमात सगळं कबूल करून टाकलं. पिंप, ड्रॉपर, चुना, पाठकोऱ्या कागदांची केलेली लेबलं, रिकाम्या वर्गातले दिवे बंद करत फिरणं, सगळं. चोरी पकडल्यासारखा त्यांचा आवाज खाली गेला होता. शेवटी हात जोडून म्हणाल्या, "पण साहेब, कायम केलंत तर ही सवय मोडीन. शब्द देते."

 तज्ज्ञ भराभर लिहीत होते आणि मॅडम टेबलाकडे बघत होत्या. प्राचार्य म्हणाले, "ठीक आहे, या तुम्ही."

महिन्याभराने पत्र आलं. जागा मावशींनाच मिळाली होती. लेक आनंदाने नाचली. मावशी मात्र मनात म्हणाल्या, साहेबांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आता तो पाळायलाच हवा.

कायम झाल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी पिंप बाजूला सारलं. नळी थेट मोरीत सोडली. आम्लाची मोजपात्रं गळ्यापर्यंत भरून टेबलांवर मांडली. पाणी धो धो वाहत होतं आणि मावशी त्याकडे पाठ करून, ओठ आवळून काचा पुसत होत्या. मुलंसुद्धा चक्रावली.

तेवढ्यात मॅडम आल्या आणि दारातच थबकल्या. "मावशी, हे काय चालवलंय?"

"शब्द दिलाय ना, मॅडम. हात सैल सोडलाय."

मॅडमनी धावत जाऊन नळ बंद केला. "अहो, कसला शब्द! तुम्ही जे करत होता ना, त्यालाच पर्यावरणाची जाण म्हणतात. त्याच्यासाठीच तर तुम्हाला घेतलं! त्या तज्ज्ञांनी पैकीच्या पैकी गुण दिले तुम्हाला."

मावशी स्टुलावर बसल्या. आनंद व्हायला हवा होता, पण आधी डोळेच भरून आले. अकरा वर्षं हे सगळं त्यांनी पाप केल्यासारखं खालमानेने केलं होतं. मग त्यांना राग आला. एवढ्या वर्षांत मॅडमवर पहिल्यांदाच आला, आणि खरा आला.

"मग इतकी वर्षं मला बोलत का होता हो?"

सगळा वर्ग ऐकत होता.  मॅडमनी पदर खोचला आणि कोपऱ्यातलं पिंप स्वतःच ओढत नळीखाली आणलं.