पॅकिंगची किंमत शून्य

“कुठपर्यंत?” असं विचारताना आमचे साहेब चष्मा कपाळावर ढकलत आणि मग पाच मिनिटं तोच चष्मा टेबलावर शोधत. मी समोरच टाइपरायटर बडवत बसलेला असे, पण सांगत नसे. कारखान्यात एवढी करमणूक तर हवीच, काय?

चिंचवडजवळच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात ते आले तेव्हा फाटकापलीकडे अजून ज्वारी उभी असायची. कलकत्त्याला राहून ते एक नवं गणित शिकून आले होते. भट्टी, लेथ, रंग, पॅकिंग, प्रत्येक खात्याचे तास ठरलेले. तेवढ्यात लहान पंप किती करावेत आणि मोठे किती, म्हणजे जास्तीत जास्त फायदा होईल, हे त्या गणितातून निघायचं. हाताने फिरवायच्या हिशेबाच्या यंत्रावर ते दिवसभर घरघर करत. उत्तर आलं की आम्ही हुश्श करायचो आणि त्यांचं काम तिथून सुरू व्हायचं. “उत्तर बरोबर आहे हो, पण कुठपर्यंत? लोखंड महागलं तर? भट्टी एक तास बंद पडली तर?” सगळे त्यांना कुठपर्यंतसाहेबच म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर चाकणच्या बाजारात गेलो. चूक माझीच. कांद्याच्या ढिगापाशी उकिडवं बसून त्यांनी शेतकऱ्याला विचारलं, “भाव पडला तर कांदा सोडून बटाटा लावाल?”

“लावू की.”

“कुठपर्यंत पडला तर?”

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. “पाव्हनं, ह्यांना कांदं घ्याचं हायती का न्हाई?”

आम्ही रिकामी पिशवी घेऊन परतलो.

आपलं गणित कामगारांनाही कळलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून एका सोमवारी त्यांनी बाहेरच्या फळ्यावर स्वतःच्या सुरेख अक्षरात एक तक्ता लिहिला: ‘एका तासाची किंमत’. भट्टीपुढे मोठा आकडा, लेथपुढे लहान, आणि शेवटी ‘पॅकिंग : शून्य’.

दुपारपर्यंत पॅकिंगचा मुकादम गेनबा आमच्या दारात उभा. चिखलीचा माणूस, हातात अजून सुतळी.

“सायेब, तुमी लई शिकल्यालं. पर आमची किंमत शून्य? मंग ह्यो माल काय आपल्या पायानं गाडीत चढतो व्हय?”

साहेब काही बोलायच्या आत मॅनेजरची चिठ्ठी आली. त्यांनीही फळा वाचला होता. पॅकिंगच्या आठ माणसांपैकी चौघांना शनिवारपासून कामावरून कमी. गेनबाला मीच ती वाचून दाखवली. त्या चौघांत त्याचा धाकटा भाऊ होता.

साहेबांचा चेहरा मी कधी एवढा उतरलेला पाहिला नव्हता. “आकडा बरोबर लिहिला हो मी, शब्द चुकला,” म्हणाले आणि चष्मा कपाळावर तसाच ठेवून मॅनेजरला शोधायला कँटीनकडे पळाले. मागे गेनबा, त्याच्या मागे मी.

मॅनेजर चहा पीत होते. साहेबांनी साखरेचा डबा उचलून त्यांच्यापुढे आपटला. “समजा दूध संपलंय, साखर उरलीय. आणखी साखर आणली तर चहाचा एक कप तरी वाढेल?”

“नाही.”

“म्हणजे जादा साखरेची किंमत शून्य. मग आहे ती अर्धी ओतून देऊ?”

मॅनेजरांनी डब्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, “अर्धी नको. पण थोडी?”

“तेच विचारा ना! कुठपर्यंत?” साहेबांचा आवाज चढला. “पॅकिंगकडे आठवड्याला अकरा तास उरतात. एका माणसाचे तास अठ्ठेचाळीस. एक जरी काढलात तरी पंप खोक्यावाचून पडून राहतील.”

मॅनेजरांनी चिठ्ठी परत मागितली आणि तिथेच फाडली. साहेब गेनबाकडे वळले, सगळ्यांदेखत हात जोडले. “चुकलो. ‘जादा तासाची किंमत’ असं लिहायला हवं होतं.”

“मंग लिवायचं व्हतं की, सायेब,” गेनबा म्हणाला. “आमचा जीव गेला असता न्हवं?”

तीन वर्षांनी आईच्या आजारपणामुळे साहेब नोकरी सोडून अमरावतीला गेले. त्यांचं सामान पॅकिंगच्या आठही जणांनी बांधलं. लाकडी पेटी, आत भुसा, वरून काथ्याचा दोर आणि गेनबाच्या हातच्या गाठी. साहेबांनी पेटीवरून हात फिरवला. ते गेल्यावर आमची खोली ओकीबोकी वाटू लागली.

महिन्याभराने पोस्टकार्ड आलं. ‘पेटी सुखरूप पोचली. गेनबाच्या गाठी सुटत नाहीत आणि दोर माझ्याने कापवत नाही. सध्या शेजाऱ्यांचे सदरे घालून फिरतो आहे.’

मी ते पॅकिंगमध्ये मोठ्याने वाचलं. सगळे पोट धरून हसले. गेनबा हसता हसता डोळे पुसू लागला. मग माझ्या मागोमाग खोलीत आला आणि चार दिवसांच्या रजेचा अर्ज लिहून द्या म्हणाला.

“कारण काय लिहू?” मी विचारलं.

“लिवा की,” तो म्हणाला, “गाठ सोडाया जातो.”