ट्रॉलीतली मोरी

राखेने आखलेला तो चौकोन आठवला की आजही माझं डोकं फिरतं. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. मुरबाडजवळच्या आमच्या गावात भात झोडून खळं मोकळं झालं होतं. म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत दर वर्षी आम्ही ताडपत्रीखाली पिठलं-भाकरीची खानावळ लावायचो. त्या वर्षी नवऱ्याने जुनी ट्रॉली घेतली. तिच्यावर पत्र्याची खोली चढवायची, ट्रॅक्टरला जोडून न्यायची आणि पंधरा दिवस तिच्यातच राहायचं, तिच्यातूनच विकायचं, असा बेत. वेल्डिंगवाल्याने खळ्यावर चुलीतल्या राखेने ट्रॉलीच्या मापाचा चौकोन आखला, दहा फूट बाय सहा.

नवरा चौकोनात शिरून आडवा झाला. पाय पुरले. सासरे आडवे झाले, त्यांचेही पुरले. मग गल्ला कुठे, फळी कुठल्या बाजूला उघडायची, पाण्याचं पिंप पुढे ठेवलं तर तोल राहील का, गाण्यांचा टेप कुठे टांगायचा. टेपलासुद्धा जागा होती! ओटा नवऱ्याच्या कमरेच्या मापाने. मी भाकरी खाली बसून थापते, हे रोज माझ्या हातची भाकरी खाणाऱ्याला ठाऊक नव्हतं?

"मागच्या कोपऱ्यात मोरी हवी," मी म्हटलं. "आतून कडीची."

"तिथं कांद्याची पाच पोती बसतील," नवरा म्हणाला.

सासरे हसले. "बायकांना एवढी नदी हाय ना?"

नदीवर सगळी जत्रा बैल धूत असते. आदल्या वर्षी आडोसा नाही म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायचे नाही, आणि नंतर महिनाभर लघवीच्या जळजळीने कण्हत होते. हे त्या दोघांनाही माहीत होतं. निदान सासूबाई माझ्या बाजूने बोलतील असं वाटलं.

"तीस वर्षं जत्रा केली आमी," त्या फणकारल्या. "मोरीवाचून मेलो नाय."

मी घरातून परात आणली आणि त्याच कोपऱ्यात फतकल मारून बसले. "मोरी नसेल तर यंदा भाकऱ्या तुम्ही थापा." बापलेकांना थापता येत नव्हत्या, आणि जत्रेपुरत्या भाकऱ्या एकट्या सासूबाईंच्याने निघाल्या नसत्या. वेल्डिंगवाल्याने मान खाली घालून दोन बाय तीनची रेघ मारली.

जत्रेच्या पहिल्या सकाळी बादली घेऊन मोरीचं दार उघडलं, तर आत छतापर्यंत कांद्याची पोती! तळपायाची आग मस्तकात गेली. भर गिऱ्हाइकात एकेक पोतं ओढून मी रस्त्यावर फेकलं. कांदे बैलांच्या पायांत घरंगळले. "गो, लोक बघतायत," करत नवरा मागे मागे.

"बघू देत."

शेवटचं पोतं निघालं तशी कुणीतरी माझी खाली ठेवलेली भरली बादली उचलली. सासूबाई होत्या. माझ्याकडे न बघता त्या आत गेल्या आणि कडी लावली. बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत होता. गिऱ्हाइकं भाकरीसाठी ओरडत होती, सासरे टेपशी खुडबुडत बसले होते.

ओले केस पदराने पुसत त्या बाहेर आल्या. "कडी घट्ट बसते गो," एवढंच हळू म्हणाल्या आणि चुलीपाशी गेल्या.

तेव्हा माझा राग निवायला हवा होता. उलट तो आणखी भडकला. तीस जत्रा त्या अंधार पडायची वाट बघत बसल्या होत्या, आणि त्यांना काय हवंय हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.