कार्बनची किंमत आणि अडलेले नववे प्रकरण

हा लेख मी लिहिते आहे तो हेर्लेकर सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या समितीच्या एका चुकीमुळे. आलेले तीन लेख समितीने 'तपशील बघून द्या' म्हणून खुद्द सरांकडेच पाठवले. सरांनी एका लेखातली सगळी विशेषणे खोडली, दुसऱ्याच्या समासात जागोजागी 'पुरावा?' असे लिहिले आणि तिसऱ्याला स्वतःच्याच मताविरुद्ध दोन परिच्छेद जोडून दिले. तिन्ही लेखकांनी पुन्हा लिहायला नकार दिला. हा लेख सरांना न दाखवता छापावा, या अटीवर मी होकार दिला.

एम.ए. होऊन, लग्न करून मी पुण्याहून बेंगळुरूला आले आणि सरांच्या संशोधन संस्थेत साहाय्यक झाले. पहिल्याच आठवड्यात माझ्या तक्त्यात चूक आहे म्हणून त्यांनी मला बोल लावले. दुपारी कळले, चूक त्यांचीच होती. चौथ्या मजल्यावरून खाली येऊन त्यांनी सगळ्यांदेखत माझी क्षमा मागितली. इतक्या जाहीर क्षमेचे काय करायचे असते, ते मला तेव्हा कळले नाही, अजूनही कळलेले नाही.

सरांचे म्हणणे सरळ आहे. कोळसा आणि तेल जाळणाऱ्याने हवेत सोडलेल्या कार्बनची किंमत भरावी आणि जमलेला पैसा सामान्य घरांना परत मिळावा. हे देशाचे धोरण व्हावे म्हणून ते वर्षानुवर्षे लिहीत, बोलत आले. लोकांनी ऐकले नाही तेव्हा ते चिडले नाहीत. चिडायचे काम माझ्याकडे होते.

माझ्या यजमानांच्या शस्त्रक्रियेनंतर सर रोज दुपारी इस्पितळात बसत आणि मला घरी विश्रांतीला पाठवत. यजमान म्हणायचे, "ते कोळशावर बोलतात, मला छान झोप लागते." सरांना हे सांगितले, तर दुसऱ्या दिवशी ते आणखी टिपणे घेऊन आले.

यंदा कार्बनच्या धोरणावर सरकारने सूचना मागवल्या. सरांचे पुस्तक तयार होते. त्याचा सारांश मुदतीत पाठवायचा, एवढेच उरले होते. तो लिहायला घ्यायचा त्या सकाळी सर राजाजीनगरच्या आपल्या घराखाली इस्त्रीचे कपडे आणायला गेले. मी सोबत होते. इस्त्रीवाले नागप्पा मूळचे निपाणीचे, कोळशाची इस्त्री वापरणारे. सरांनी त्यांना सगळी योजना समजावली.

"मोठ्या फॅक्टरीवाल्यांकडून घ्या की ओ सर. माझ्या इस्त्रीत कोळसा तो केवढा, स्वल्प!"

"अण्णा, पैसे परत मिळतील तुम्हाला. थेट बँकेत."

"मिळतील ओ. पण कधी? मी कोळसा रोज सकाळी घेतो."

सर कपडे तिथेच विसरून वर आले. "बाई, पुस्तक थांबवा. पैसे परत देण्याचे नववे प्रकरण चुकले आहे."

"सर, एका इस्त्रीवाल्यासाठी देशाचं धोरण अडवायचं?"

"देशाचं कुठे? माझं."

पुढे कित्येक दिवस पंच्याहत्तरीतले हे गृहस्थ उन्हात इस्त्रीच्या गाड्यांपाशी स्टूल टाकून बसले. पैसा आधी हातात, किंमत नंतर, असे त्यांनी प्रकरण फिरवले. मुदत जवळ येत होती. मी रोज फोन करत होते, ते रोज "उद्या" म्हणत होते.

सरांना भरपूर आयुष्य मिळो, गुडघे आणि डोळे साथ देवोत. आमची दमछाक होते, पण त्यांच्यासारखे कान उपटणारे माणूस आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हवे आहे.

मुदतीच्या आदल्या सकाळी सरांनी माझ्या हाती दिले ते असे: नऊ प्रकरणांचे हस्तलिखित, सूचनांचा सहा पानी सारांश आणि नागप्पांकडचे दोन शर्ट. आमचेही कपडे तिथेच जात, आणि हे शर्ट सरांचे नव्हे, माझ्या यजमानांचे निघाले. सारांशाच्या शेवटी सरांचे वाक्य आहे : 'नागप्पांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून माझ्यापाशी नाही.' ते काढा, असे मी दोनदा सांगितले. त्यांनी काढले नाही. सारांश मी त्या वाक्यासह पाठवला.