अष्टमीच्या दुकानातली बाबांची पुस्तकं

लग्न होऊन मी रोह्याला आले तेव्हा पुलापलीकडे अष्टमीत एक दुकान होतं. दुकान कसलं, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची खोली. महिला मंडळाच्या बायका ते चालवायच्या. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकायच्या आणि येईल तो पैसा कातकरी मुलींच्या वसतिगृहाला द्यायचा, असा त्यांचा उपक्रम होता. पुढे कपड्यांचे ढीग आणि कुकरची झाकणं असायची, मागच्या भिंतीला पुस्तकं आणि कॅसेटी. नवऱ्याच्या कंपनीतल्या कुणाची बदली झाली की घर आवरताना सगळ्यात आधी पुस्तकंच बाहेर निघायची, त्यामुळे तिथे चांगलं काही ना काही हाती लागायचं.

नवरा फर्स्ट शिफ्टला गेला की मी बाजाराची पिशवी घेऊन निघायचे आणि भाजी राहायची बाजूला, आधी त्या भिंतीपाशी जाऊन बसायचे. एकदा आरत्यांची म्हणून कॅसेट आणली. घरी लावली तर दोन आरत्या संपल्यावर कुणाच्या तरी घरातली मुलं तावातावाने भांडत होती आणि मागून त्यांची आई ओरडत होती. आरत्या सोडून मी ते भांडणच पुन्हा पुन्हा ऐकायचे. नव्या गावात माझं कुणी नव्हतं, तेव्हा मला त्या खोलीचा आधार होता.

म्हणूनच त्या दिवशीचा राग अजून उतरत नाही.

मे महिना होता. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. भिंतीपाशी एक नवं पोतं आलं होतं. वरचं पुस्तक उचललं तर त्याला कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, कोरी बाजू बाहेर, आणि त्यावर हिरव्या शाईत नाव. बाबा शाळामास्तर. प्रत्येक पुस्तकाला ते असंच कव्हर घालायचे. मी पान उलटलं. कोकणातल्या झाडांवरचं जाड पुस्तक. आतल्या पानावर जांभळ्या खडूने काढलेला वेडावाकडा सूर्य आणि खाली बाबांच्या अक्षरात, ‘हे चित्र चिरंजीव ताईने काढले आहे. पान फाडू नये.’

मी पोतं जमिनीवर उलटं केलं. सगळी आमचीच.

“काकू, ही कुठून आली?” मी गल्ल्यावर बसलेल्या बाईंना विचारलं.

“पेणहून आली गं. एका सद्गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ दिली. सात-आठ पोती होती, बरीचशी गेली. परवा मंडळाच्या कार्यक्रमात नारळ देऊन सत्कार केला आम्ही त्यांचा. काय टाळ्या पडल्या!”

सद्गृहस्थ म्हणजे माझा धाकटा भाऊ.

मला आधी कशाचा राग आला सांगू? पुस्तकं दिली त्याचा नव्हे. तो रोह्यात आला होता याचा. पेणहून आला, पोती उतरवली, नारळ घेतला, टाळ्या घेतल्या आणि परत गेला. नदीच्या या बाजूला त्याची सख्खी बहीण राहते, तिच्या दारात पाच मिनिटं टेकावं असं त्याला वाटलं नाही.

“ते माझेही वडील होते,” मी म्हटलं. विकली गेलेली कुणाकडे गेली हे सांगायला काकू तयार नव्हत्या. “विकलं ते विकलं. मुलींच्या नावाने दिलेलं मी परत कसं मागू?” त्यांचं बरोबर होतं, आणि बरोबर असल्यामुळेच त्यांचाही राग आला. उरलेली सगळी मी विकत घेतली. स्वतःच्या घरातली पुस्तकं पैसे देऊन! रिक्षात टाकून घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने पेण गाठलं.

भाऊ पुढच्या खोलीत होता. ती बाबांची खोली. तिन्ही भिंतींना वरपर्यंत फळ्या आणि फळ्यांवर पुस्तकं असायची. आता त्याच फळ्यांवर हमरापूरहून आणलेले गणपती ओळीने वाळत होते, पांढरेफटक, डोळे न रंगवलेले. भाऊ हातात ब्रश घेऊन पाटावर बसला होता.

“ताई? अशी अचानक?”

“पुस्तकं कुठायत?”

त्याने ब्रश खाली ठेवला. “विकली नाहीत मी. दान दिली. ऑर्डर आल्यात, मूर्ती ठेवायला जागा नको का?”

“दान आपल्या वस्तूचं करतात. मला का नाही विचारलंस?”

“तू रडारड केली असतीस.”

“आणि घरी का नाही आलास?”

“उशीर झाला होता गं.”

माझा आवाज चढला. काय काय बोलले ते आठवत नाही, एवढं आठवतं की त्याची बायको चहा घेऊन आली होती आणि तशीच कप घेऊन आत गेली. तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली. खाडीकाठच्या गावातली माझी आई, आवाज चढवून बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

“त्याला कशाला बोलतेस गो? मी सांगितलं त्याला. काढ म्हटलं सगळी.”

“तू?”

“माझी पेटी आठवते तुला? हिरवी, माहेरची?”

आठवत होती. मागच्या पडवीत असायची, गंजलेली.

“पडवीत का होती?” आईने विचारलं. तिनेच उत्तर दिलं. “घरात ठेवली तर पुस्तकांची जागा जाईल म्हणून. पुस्तकांना ओल लागता नये. पेटीतल्या माझ्या शालूला लागली तर चालत होती. बुरशीनं पार चाळण केली त्याची. मी बोलले नाय कधी. जन्मभर झटकत बसले त्यांची पुस्तकं. आता ते नायत. मला या घराची एक भिंत तरी बघायची होती.”

“मग आता कुठे दिसतेय भिंत?” मी गणपतींकडे हात केला.

“हे भाद्रपदात जातात,” आई म्हणाली आणि आत निघून गेली.

मी चहा न घेता निघाले. वडखळ नाक्यावर गाडी बराच वेळ थांबली होती आणि मी खिडकीशी बसून धुमसत होते. भावाचा राग तसाच होता. आईचाही आला, तीस वर्षं गप्प बसून सगळ्यांनाच कडू पाजल्याबद्दल. आणि मग बाबांचा आला. माझ्या खडूच्या रेघोट्या जपून ठेवणाऱ्या, ‘पान फाडू नये’ लिहिणाऱ्या माणसाला बायकोचा शालू कुजतोय हे दिसलं नव्हतं? हा राग सगळ्यात वाईट. भावाशी भांडता येतं. बाबांशी कुठे जाऊन भांडू?

नवऱ्याने भिंतीला फळ्या ठोकून दिल्या, त्यावर मी पुस्तकं लावली. दिवाळीनंतर आई राहायला आली तेव्हा फळ्यांकडे बघून एवढंच म्हणाली, “हितंपण आणलीस?” तिचं अंथरूण मी मुद्दाम पलीकडच्या खोलीत घातलं, जिथे भिंती उघड्या होत्या. ती झोपली छान. मीच जागी राहिले, चिडून.

भावाशी पुढे बोलणं सुरू झालं. लग्नकार्यं असतात, किती दिवस तोंड फिरवणार? पण अजूनही चार पाहुणे जमले की तो विषय काढतोच, “आम्ही वडिलांच्या नावाने ग्रंथदान केलं होतं.” लोक माना डोलावतात. मी उठून स्वयंपाकघरात जाते. तिथे भांडी जरा जोरात आपटली तरी कुणी का म्हणून विचारत नाही.