सुगंधाबाईंच्या मीटरचं लाल चाक

बिल्डिंगमध्ये घराघराला पाण्याचं वेगळं मीटर लागलं, तेव्हा सगळ्यांत खूश सुगंधाबाई होत्या. एकटा जीव, दोन भांडी, एक लुगडं. आपल्याला पाणी ते किती लागणार! आणि पहिल्याच बिलात त्यांचा आकडा साऱ्या बिल्डिंगमध्ये मोठा निघाला.

"बाई, एकट्याच राह्यता ना? का मूल गावचं अख्खं वऱ्हाड आणून ठेवलं घरात?" सोसायटीचे सेक्रेटरी येरणे भाऊ जिन्यात म्हणाले. सगळे हसले. सुगंधाबाईही हसल्या.

पुढचं बिल त्याहून मोठं आलं. या वेळी येरणे भाऊ हसले नाहीत. आवाज मऊ करून म्हणाले, "नळ उघडा राहून जात असंल, बाई. या वयात होते असं."

त्यांनी थट्टा केली असती तर परवडलं असतं.

मूलजवळच्या खेड्यात त्यांनी सारी हयात अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली. नवरा गेल्यावर मुलानं, लोकेशनं, चंद्रपुरात हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेऊन दिला आणि तो नोकरीला नागपुरात राहिला. सुगंधाबाई इथं रमल्या. शेजारची निशात ब्लाउज शिवायची. तिच्या मशीनपाशी बसून काजं करताना त्यांची दुपार निघून जायची. आयुष्यात पहिल्यांदा घराची किल्ली त्यांच्या एकटीच्या कमरेला होती.

पण त्यांनी आपल्या मोठ्या बहिणीला, रुखमाबाईला पाहिलं होतं. रुखमाबाईचं असंच सुरू झालं. आधी चूल पेटती राहिली, मग भात दोनदा शिजला, मग एका दुपारी ती उमा नदीच्या पात्रात उभी सापडली, आपल्या मेलेल्या आईला हाका मारत. शेवटी पोरांनी खोलीला बाहेरून कडी घातली. सुगंधाबाई भेटायला गेल्या तेव्हा कडीच्या आतून आवाज आला होता, "कोण आहे वं?" सख्ख्या बहिणीचा आवाज तिला ओळखू आला नव्हता.

येरणे भाऊंनी लोकेशला फोन केला होता. चांगुलपणानंच केला असेल.

"आई, मी रविवारी येतो," लोकेश म्हणाला. "फ्लॅट बंद करू. तू इकडं चाल. मौशीचं आपण पाह्यलं ना?"

"मले काही झालं नाई रे."

"मौशी पण हेच म्हणे."

त्या दिवसापासून सुगंधाबाई स्वतःवर पाळत ठेवू लागल्या. गॅसचं बटण पुन्हापुन्हा चाचपायचं. कणीक मळताना अंगणवाडीतल्या पोरांची नावं म्हणायची. वारलू, बुधरी, सुकलू... सुकलूच्या बहिणीचं नाव काही केल्या येईना. पिठाच्या हातांनी त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. नाव आठवलं तेव्हा रडू आलं.

उन्हाळ्यानं बोअरचं पाणी खोल गेलं होतं, म्हणून येरणे भाऊ गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह फक्त सकाळ-संध्याकाळ उघडत. एकदा संध्याकाळचं पाणी गेल्यावर सुगंधाबाईंनी न्हाणीतल्या नळाची चावी बंद केली आणि तिच्याभोवती शिवणाचा दोरा बांधून टाकला. आता कळेल, म्हणाल्या.

सकाळी दोरा तुटून नळाखालच्या ड्रममध्ये पडला होता.

दाराची कडी आतून तशीच होती. खिडक्यांना गज. म्हणजे दोरा तोडणारा हात त्यांचाच. आणि त्यांना काही, काहीसुद्धा आठवत नव्हतं. घरात चोर शिरला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. निशातला सांगायला त्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

रविवार उजाडला. बॅग भरून दाराशी ठेवली होती. घरात एकटं बसवेना म्हणून सुगंधाबाई जिन्यात मीटरांच्या जाळीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. काचेआड एकेक लाल चाक, सगळी निपचित. निशात दूध घ्यायला बाहेर आली.

"क्या हुआ बाई? इथी काऊन उभ्या?"

तेवढ्यात गच्चीवर व्हॉल्व्ह करकरला. आणि एकच चाक सुटलं. आरे दिसेनात इतकं गरगर. सुगंधाबाईंचं.

"मी तर इथी उभी आहो!" त्या ओरडल्याच. "निशात, मी इथी आहो ना?"

घरातून फुत्कारल्यासारखा आवाज येत होता. निशात दुधाचं भांडं टाकून आत धावली.

"बाई, या लवकर! हात लावा!"

नळ सताड उघडा होता. खाली रिकामा ड्रम. आणि नळातून पाण्याचा थेंब नाही, नुसता वारा. सुगंधाबाईंच्या तळहातावर तो जोरानं आदळत होता. मग नळ खोकला, थुंकला आणि पाणी आलं.

"सगळ्यांचे नळ बंद, तुमचाच खुला," निशात म्हणाली. "पूरी बिल्डिंगच्या पायपातली हवा तुमच्या घरातून निघून राह्यली. ते चाक हवेनंच फिरते, बाई! पण नळ कायले उघडून ठेवता?"

सुगंधाबाई ड्रमकडे बघत राहिल्या. गावात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. पाणी गेलं की रिकामा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, खाली ठेवून नळ उघडाच सोडायचा. धार गुंडात वाजली की माणूस असेल तिथून धावत येई. पदर सावरला हे कोण लक्षात ठेवतं? तसंच ते. ड्रम रिकामा झाला की हात आपोआप चावीकडे जात होता. दोरा आडवा आला, तोही हातानं तोडला.

दुपारी लोकेश आला. निशातनं त्याला सगळं सांगितलं. येरणे भाऊ म्हणाले, "म्हणजे आतापर्यंत हवेचं बिल फाडलं का आम्ही?" लोकेश सुटल्यासारखा हसला. "म्हणजे मीटरचीच चूक. तुझं काही नाई."

इथं गप्प बसता आलं असतं.

"नळ मीच उघडत होती," सुगंधाबाई म्हणाल्या. "सवयीनं. पण उघडल्याचं मले आठवत नाई, बाबू." आणि कोणालाच न सांगितलेली दोऱ्याची गोष्ट त्यांनी सांगितली. "लई भेली मी."

लोकेशनं न्हाणीतल्या नळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "गुंड वाजला की तूच मले झोपेतून उठवत होती. डोळे मिटूनच बादल्या धरत होतो मी." त्यानं दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. "पुढच्या महिन्यात डॉक्टरले दाखवू, फक्त विचारून घेऊ. तवर इथीच राह्य."

तो गेल्यावर त्यांनी नळाच्या चावीला जुन्या लुगड्याची जाड पट्टी गच्च आवळली.

संध्याकाळी भांडी घासून झाली, ड्रम रिकामा झाला. बोटांना खरखरीत काही लागलं म्हणून सुगंधाबाईंनी खाली पाहिलं. हात गाठीवर पोचलाच होता. कधी गेला, कळलं नव्हतं.

त्यांनी हात मागे घेतला, दुसऱ्या हातात धरला आणि रिकाम्या न्हाणीत मोठ्यानं म्हणाल्या, "बंद आहे. मी पाह्यलं."