मामाजी पहिल्या रांगेत

नणंदेला रील काढायचं वेड. यवतमाळच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये उन्हाळ्यात अभिनय शिबिर आहे असं कळलं आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. एकटीला पाठवायचं नाही, म्हणून सोबत मला धाडलं. मी कूलरजवळ भिंतीला टेकून बसायची आणि संध्याकाळच्या भाजीचा विचार करायची.

एके दिवशी नणंदेची जोडीदारीण आली नाही. सर माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही कायले बसून राह्यल्या तिकडं? या, भांडा हिच्याशी. नणंद हाय ना तुमची? मंग शिकवाची गरज नाही."

सगळे हसले. कशीबशी उभी राहिले, तोंड उघडलं आणि जो आवाज निघाला त्यानं मीच दचकले. सासरी माझा आवाज कधी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर गेला नव्हता. घरातलं कुणी वाईट नाही, उगाच कशाला खोटं बोलू? पण मामाजी, म्हणजे माझे सासरे, समोर असले की सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा, हळू बोलायचं आणि खुर्ची-पलंगावर बसायचं नाही, हे ठरलेलं. ते माझ्याशी थेट बोलतही नसत. "चहा ठेवा म्हणा," असं हवेत सांगायचे, आणि हवेनं तो निरोप मला पोचवायचा.

त्या दिवशी घरी येताना ऑटोत मी तीच वाक्यं मनात परत म्हणत होते, आणि मला ते आवडलं होतं. त्या आवडण्याचीच जास्त भीती वाटली. भाजी करपली तर काय ऐकावं लागेल हे मला पाठ होतं. याच्याबद्दल काय ऐकावं लागेल, काही अंदाज नव्हता.

शेवटच्या दिवशी छोटं नाटक ठरलं. मी खाष्ट घरमालकीण, नणंद भाडेकरू. खुर्चीत पायावर पाय टाकून बसायचं आणि तिला फैलावर घ्यायचं. शिबिर संपल्यावर सर एक ग्रुप करणार होते, दर रविवारी तालीम, आणि त्यात त्यांनी मला धरलं होतं. मला तिथं जायचंच होतं. इतकी हाव मला लग्नातल्या शालूचीही सुटली नव्हती. पण जायचं तर घरातून होकार हवा, आणि आमच्या घरात होकार म्हणजे मामाजींचा. मी हिशेब केला होता की ते मुकुटबनला शेतावर आहेत, कपाशीसाठी वावर तयार करण्यात गुंतलेत, नाटकाचं त्यांना मागाहून हळूच सांगता येईल.

पडदा सरकला आणि पहिल्या रांगेत मामाजी. डोक्यावर टोपी, मांडीवर पिशवी. लेकीचं नाटक बघायला एसटीनं आले होते.

माझा हात आपसूक पदराकडे गेला. डोकं झाकलं. माझं पहिलं वाक्य बसून म्हणायचं होतं आणि गुडघे वाकेनात. बसले तर रविवार गेला, नाही बसले तर नाटक गेलं. नणंद तिचं वाक्य बोलली. तिनं तेच पुन्हा म्हटलं, मग पदरचं एक घातलं, "बसा ना काकू, उभ्या काहून?" मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मला पुढचं एक अक्षर आठवत नव्हतं.

तेवढ्यात मामाजी उठले. पिशवी उचलली आणि सगळ्यांच्या देखत दाराबाहेर निघून गेले. दार त्यांनी हळूच लावलं. संपलं. आता तालीम नाही, रविवार नाही, काही नाही.

मग मी बसले. पायावर पाय टाकला आणि अशी कडाडले की नणंद खरोखरच मागं सरकली. शब्द आपोआप येत होते. शेवटी टाळ्या झाल्या, बराच वेळ झाल्या. मी मात्र घरी गेल्यावर काय होईल तेच मनात घोळवत होते.

बाहेर आलो तर मामाजी हॉलच्या उघड्या खिडकीशी उभे. टोपी काढून कपाळ पुसत होते.

"बाबा, तुम्ही कायले उठून गेलते?" नणंदेनं तणतणत विचारलं.

मामाजी माझ्याकडे वळले आणि थेट मलाच म्हणाले, "मी बसून राह्यलो असतो तं तू उभीच राह्यली असती. म्हनून खिडकीतून पाह्यलं."

मी मान खाली घातली. रडू आवरेना. नणंद ऑटो बोलवायला रस्त्यावर गेली. मामाजींनी टोपी परत डोक्यावर ठेवली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पन पुढच्या खेपेले मी उठनार नाही," ते म्हणाले. "माह्यासमोर बसजो."

मी "हो" म्हटलं. रविवार मिळाला होता, पण आता त्यांच्यासमोर खुर्चीत बसायचं होतं.